विंचू उतरला, पण कशाने?

रत्नागिरीत आमच्या आजोळी विंचू उतरवणारे एक काका होते. पेंढा उचलताना कुणाला विंचू चावला की पहिलं बोलावणं त्यांना. ते मंत्र पुटपुटायचे आणि माणूस सकाळी न्याहारीला हजर. आजी म्हणायची, "हातगुण आहे हो!" काळ्या विंचवाची कळ आपली आपणही उतरते, हे मला फार उशिरा कळलं.

लाल विंचवाचं तसं नाही. त्याच्या विषाने शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. लहान मुलं तर हां हां म्हणता जात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ही लक्षणं नोंदवून १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापली. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध वापरून पाहिलं. १९८६ साली त्याबद्दलही तिथेच लिहिलं. गंभीर रुग्णांतले तीस टक्क्यांच्या आसपासचे मृत्यू काही टक्क्यांवर आले.

आता जरा आगाऊपणा करतो. 'आधी मरत, नंतर वाचले' हा पुरावा काकांच्या मंत्रालाही लागू पडतो की! मधल्या काळात रस्ते झाले, रुग्ण लवकर पोचू लागले. फरक इतकाच, की बावस्करांनी प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली, गेलेल्यांचीसुद्धा. काकांकडे गेलेल्यांचा हिशोबच नव्हता. आणि औषध हाताशी असताना कुणा पोराला साखरेची गोळी देऊन बघायचं, हे कुठल्या डॉक्टरला जमेल?

मग हाफकिनची विंचूदंशावरची लस आली, आणि प्रश्न बदलला: नुसतं प्राझोसिन, की सोबत लसही? २०११ साली बावस्कर पती-पत्नींची चाचणी 'बीएमजे'त आली. ७० रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ३५-३५ची वाटणी. दहा तासांत बरे झालेले: लस घेतलेल्यांत ३२, न घेतलेल्यांत ८.

हे मी फोनवरून आजीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "कुणाला काय दिलं ते डॉक्टरला ठाऊक होतं?"

होतं. चाचणी उघडी होती.

"मग बरा झाला, हे कोण ठरवी?"

निबंधातली खरी फट तिला दोन वाक्यांत सापडली. मृत्यू मोजायला मत लागत नाही. 'बरा झाला' म्हणायला थोडं लागतं. शिवाय दवाखाना एकच, तपासणारे तेच. म्हणून मी दुसरे हात शोधले. आमच्याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात लस आणि प्राझोसिन यांची तुलना झाली होती. ती २०१० साली मुंबईच्या एका वैद्यकीय नियतकालिकात आली. तीही उघडीच. २०१४ साली पुदुच्चेरीच्या जिपमरमधली मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. माणसं वेगळी, मुलूख वेगळा, आणि कौल तिन्ही ठिकाणी लसीच्याच बाजूने.

आजीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग ती लस आपल्या दवाखान्यात आहे का, ते विचारून ये."