टाकीत मासे सोडण्याआधी : वीस दिवसांची जुनी गोष्ट



या महिन्यात तीन-चार जणांनी एकच विचारलं, "दादा, घरी ॲक्वापोनिक्स करायचंय, टाकी कुठली घेऊ?" टाकी कुठलीही चालते. मी जिथं फसलो ती चूक टाकीची नव्हती. ती चूक का होते हे फ्रान्समधल्या दोन माणसांनी १८७७ सालीच दाखवून ठेवलं होतं, मला मात्र ते मासे मेल्यावर कळलं. म्हणून आज पिकाची नोंद बाजूला ठेवून थोडा इतिहास लिहितो.

नवीन लोकांसाठी आधी थोडक्यात. एका टाकीत मासे, शेजारी खडीचा वाफा. पंपानं टाकीतलं पाणी वाफ्यात जातं, खडीतून गाळून परत टाकीत येतं. माशाच्या घाणीवर भाजी वाढते आणि भाजीमुळं माशाला स्वच्छ पाणी मिळतं. ऐकायला एकदम सोपं.

मीही असंच ऐकून हजार लिटरची टाकी बसवली. "आठ दिवसांत सुरू" असं कागदावर छापलेलं होतं. बोअरचं पाणी भरलं, खडीत पालक लावला आणि दुसऱ्याच दिवशी सायप्रिनसची साठ बोटुकली सोडली. हौसेनं रोज दोन मुठी खाद्य टाकत होतो. दिवस एप्रिलचे. सहाव्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. पाणी तर काचेसारखं दिसत होतं. मला वाटलं रोग आला, म्हणून विहिरीत टाकतात ते लाल औषध टाकलं. नवव्या दिवशी सकाळी टाकीत एकही जिवंत नव्हता. मग अमोनिया तपासायचं किट आणलं, तर नळीतलं पाणी गडद हिरवं झालं. तेव्हा वाचायला सुरुवात केली.

मासे आणि पीक एकत्र ठेवणं ही नवी गोष्ट नाही. चीनच्या झेजियांग प्रांतात चिंगत्येन भागात भाताच्या खाचरात मासे पाळण्याची रीत बाराशे वर्षांहून जुनी आहे. २००५ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेनं तिला जागतिक महत्त्वाचा शेती-वारसा म्हणून मान्यता दिली. मेक्सिकोत अॅझटेक लोक उथळ तळ्यात गाळ रचून लांबट वाफे करायचे, त्यांना चिनांपा म्हणतात. कालव्यातला गाळ उपसून वाफ्यावर टाकायचा आणि त्यावर मका, भाजी घ्यायची. मेक्सिको शहराच्या दक्षिणेला सोचिमिल्को इथं हे वाफे आजही आहेत. आपण तलावाचा गाळ शेतात नेतो त्याचंच ते भावंड समजा. पण या दोन्ही ठिकाणी खाली माती होती. माती होती म्हणून माशाच्या घाणीचं खत कोण करतं, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

तसा त्याचा उपयोग आपल्या देशातही शेकडो वर्षं होत होता. बिहारमध्ये नोनिया समाजाचे लोक जुन्या गोठ्याच्या, पडक्या भिंतीच्या मातीतून सोरा काढायचे. युरोपातल्या तोफांच्या दारूला हा सोरा जहाजं भरून जायचा. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. जनावराच्या मुताचं मातीत नायट्रेट होतं हे या लोकांना पक्कं ठाऊक होतं. ते कोण करतं हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. शास्त्रज्ञ म्हणत, ती हवेची आणि मातीची रासायनिक क्रिया आहे.

१८७७ साली थिओफिल श्लोसिंग आणि अशिल म्यून्झ या दोघांनी ते शोधलं. शहराचं सांडपाणी मातीतून गेलं की स्वच्छ कसं होतं, हे त्यांना बघायचं होतं. लांब नळीत वाळू आणि चुनखडीची पूड भरली आणि वरून हळूहळू सांडपाणी सोडलं. वीस दिवस काहीच झालं नाही. वरून जेवढा अमोनिया जायचा तेवढाच खालून बाहेर यायचा. आणि मग खालच्या पाण्यात नायट्रेट दिसायला लागलं, अमोनिया कमी होत गेला.

नुसती रासायनिक क्रिया असती तर पहिल्या दिवशीच झाली असती. वीस दिवस लागले, म्हणजे वाळूत काहीतरी जिवंत वाढत होतं. खात्रीसाठी त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बंद. क्लोरोफॉर्म निघून गेला तरी काम सुरू होईना. मग मातीचं थोडं धुवण वरून टाकलं, आणि काही दिवसांनी नायट्रेट पुन्हा सुरू झालं. पुढं १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानं झुरिकमध्ये हे जिवाणू वेगळे करून दाखवले. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन माशाला विष, तिसरं पिकाचं खाद्य.

आता माझी टाकी आठवा. वाळूच्या जागी खडी, सांडपाण्याच्या जागी माशाचं पाणी. नवव्या दिवशी मी मेलेले मासे काढत होतो, तेव्हा श्लोसिंगच्या हिशोबानं अजून अकरा दिवस बाकी होते. आणि लाल औषध टाकून मी त्यांचा क्लोरोफॉर्मचा प्रयोगच परत केला होता. खडीवर जे काही थोडे जिवाणू बसले असतील, त्यांनाही मीच मारलं.

या शोधाला जवळपास शंभर वर्षं झाल्यावर आजचं ॲक्वापोनिक्स उभं राहिलं. १९६९ साली अमेरिकेत जॉन टॉड, नॅन्सी टॉड आणि विल्यम मॅकलार्नी यांनी न्यू अल्केमी इन्स्टिट्यूट काढली. केप कॉड इथं ते माशाच्या टाकीचं पाणी भाजीला देऊन बघत. १९८० च्या दशकात नॉर्थ कॅरोलिनात मार्क मॅकमर्ट्री आणि डग सँडर्स यांनी टाकीचं पाणी वाळूच्या वाफ्यात सोडून परत टाकीत आणलं. टाकीत चिलापी, वाफ्यात टोमॅटो आणि काकडी. त्याच काळात व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी तरंगत्या पाट्यांवर भाजी घेतली आणि वर्षानुवर्षं मोजमाप ठेवलं. मिसुरीतल्या स्पेरानिओ नवरा-बायकोनं १९९० च्या दशकात हेच काम साध्या खडीत केलं, आणि मग ते परसदारी पोचलं. आपण घरी करतो तो खडीचा वाफा त्याच वाटेवरचा.

राकोसींच्या कामातली एक गोष्ट कृषीवाल्या मित्रांनी लक्षात ठेवावी. माशाच्या खाद्यातून पिकाला सगळं मिळत नाही. लोह, पालाश, कॅल्शियम कमी पडतं, ते वरून द्यावं लागतं. आपल्या बोअरचं पाणी जड, माझ्याकडं सामू ८.२ येतो. अशा पाण्यात लोह असूनही झाडाला लागत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात. लोह चिलेटमधूनच द्या. शिवाय सामू आणि उष्णता जितकी जास्त तितका अमोनिया जास्त विषारी. माझा एप्रिल आणि माझं बोअर, दोन्ही माशांच्या मुळावर उठले.

तर आता सुरुवात कशी करायची? पंप सुरू करा, पण मासे आणू नका. नळयोजनेचं पाणी असेल तर दोन दिवस उघडं ठेवा, क्लोरीन उडू द्या. रोज चिमूटभर माशाचं खाद्य टाकून कुजू द्या. कुणाच्या निरोगी जुन्या टाकीतली मूठभर खडी मिळाली तर विरजणासारखी वाफ्यात मिसळा. दर दोन दिवसांनी तपासा. आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट चढेल, मग दोन्ही शून्याजवळ येतील आणि नायट्रेट दिसेल. याला साधारण २५ ते ४० दिवस लागतात, थंडीत जास्त. त्याच्या आत मासे सोडायचे नाहीत, कुणीही काहीही सांगो.

नंतरही थोडेच सोडा. एक चौरस मीटर पालेभाजीला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य जाईल एवढे मासे पुरतात, म्हणजे वाढलेले तीन-चार किलो. जिवाणूंनाही हवा लागते, म्हणून पंप बंद पडला तर दोघंही अडचणीत. लोडशेडिंगच्या गावात बॅटरीवरच्या एअरपंपाशिवाय हे सुरूच करू नका. आणि आजार दिसला तर टाकीत औषध ओतू नका, मासा वेगळ्या बादलीत घ्या.

मी दुसऱ्या खेपेला चौतीस दिवस रिकाम्या टाकीत पाणी फिरवलं. बायको म्हणाली, "बिनमाशाच्या टाकीला रोज खायला घालणारा पहिलाच माणूस बघितला." चौतिसाव्या दिवशी किटमधलं पाणी पिवळं राहिलं, म्हणजे अमोनिया नाही. मग वीस बोटुकली सोडली. दोन मेली, अठरा मोठी झाली. पुदिना आणि पालक घरापुरता निघतो. विकायला नाही, आणि विकायच्या गणितावर मी कुणाला कर्ज काढायला सांगणार नाही.

दही लावायला एक रात्र, शेणखत कुजायला चार-सहा महिने, हे आपण पिढ्यानपिढ्या पाळतो. या टाकीला महिनाभर द्या.

कुणाचं बोअरचं पाणी ८.५ च्या वर असेल आणि तरीही टाकी चालली असेल, तर खाली जरूर लिहा. मला शिकायचंय.