टीव्ही आणि मोबाइलवर दिसतंय ते कुणाचं, आणि पैसा कुणाचा? वाचा सोप्या भाषेत

देऊळगाव राजा : आपल्या तालुक्यात आता टीव्ही बघण्याचे तीन-चार रस्ते झालेत. कुणाच्या पत्र्यावर फ्री डिशची छत्री आहे, कुणाकडे महिन्याचं रिचार्ज लागणारी छत्री, बाजारपेठेच्या गावात केबल, आणि पोरांच्या हातात मोबाइल. मालिका एक, मॅच एक, पण ती आपल्यापर्यंत पोचवणारा मालक वेगळा आणि त्याच्या कमाईचा मार्गही वेगळा. रिचार्जचा खर्च आणि बातमीवरचा भरवसा या दोन्हींचा याच्याशी संबंध आहे. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत.

१. सरकारी : दूरदर्शन, फ्री डिश, वेव्हज

दूरदर्शन १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत सुरू झालं, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला. 'आमची माती, आमची माणसं' हा शेतीचा कार्यक्रम घराघरात पोचला तो याच मुंबई केंद्रामुळे. १९९७ पासून दूरदर्शन आणि आकाशवाणी 'प्रसार भारती' या महामंडळाकडे आहे. कायद्याने हे स्वायत्त आहे, पण कर्मचाऱ्यांचे पगार आणि मोठा खर्च केंद्र सरकारच्या अनुदानातून होतो. म्हणजे पैसा तुमच्या-आमच्या करातला. त्यात जाहिरातींची भर पडते.

फ्री डिश डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. छत्री आणि बॉक्सचे पैसे एकदाच द्यायचे, पुढे महिन्याला काही नाही. देशात चार कोटींहून जास्त घरांत ती असल्याचा अंदाज आहे. मग ती चालते कशावर? फ्री डिशवर जागा मिळवायला खासगी वाहिन्या लिलावात बोली लावतात आणि वर्षाचे कोट्यवधी रुपये प्रसार भारतीला देतात. फ्री डिशवर एखादी वाहिनी अचानक गायब होते त्याचं कारण बहुतेक वेळा हेच : तिने पुढच्या वर्षाची जागा घेतली नाही. मार्च २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी झी अनमोल, स्टार उत्सव, सोनी पल अशा वाहिन्या काढून घेतल्या, तेव्हा अनेकांना बॉक्सच बिघडला असं वाटलं होतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने 'वेव्हज' हे मोबाइल ॲपही आणलं.

पूर्वी आपल्याकडेही रेडिओ-टीव्हीचं लायसन्स पोस्टात भरावं लागायचं. १९८० च्या दशकात ते बंद झालं. ब्रिटनमध्ये बीबीसीसाठी प्रत्येक टीव्हीवाल्या घराला अशी वार्षिक फी आजही भरावी लागते. तिथं प्रेक्षक थेट पैसे देतो, आपल्याकडे सरकारमार्फत जातात, एवढाच फरक.

२. खासगी मनोरंजन वाहिन्या

झी टीव्ही २ ऑक्टोबर १९९२ ला सुरू झाली. झी मराठी १९९९ मध्ये 'अल्फा मराठी' या नावाने आली. कंपनीचे संस्थापक सुभाष चंद्रा. पण आज या कंपनीत त्यांच्या कुटुंबाचा वाटा जेमतेम ४ टक्के आहे. बाकी शेअर देशी-परदेशी गुंतवणूकदार संस्था आणि सामान्य भागधारकांकडे आहेत. जुलै २०२५ मध्ये कुटुंबाचा वाटा वाढवायचा प्रस्ताव भागधारकांच्या मतदानात पडला.

स्टार प्रवाह २००८ ची. तिची मालक कंपनी आधी रूपर्ट मरडॉक यांच्या समूहाची होती, २०१९ मध्ये अमेरिकेच्या डिस्नेकडे गेली. कलर्स मराठी म्हणजे जुनी ई टीव्ही मराठी, जी रामोजी राव यांनी २००० मध्ये सुरू केली होती. पुढे ती रिलायन्सच्या बाजूला असलेल्या वायाकॉम १८ कडे आली. १४ नोव्हेंबर २०२४ ला स्टार आणि वायाकॉम १८ एकत्र झाल्या आणि 'जिओस्टार' तयार झाली. त्यात रिलायन्सचा थेट वाटा १६.३४ टक्के, वायाकॉम १८ चा ४६.८२ टक्के आणि डिस्नेचा ३६.८४ टक्के. कारभाराचा ताबा रिलायन्सकडे.

सोनी मराठी ऑगस्ट २०१८ मध्ये आली. मूळ मालक जपानची सोनी. झी आणि सोनी एकत्र येणार अशी दोन वर्षं चर्चा होती, पण जानेवारी २०२४ मध्ये सोनीने तो करार मोडला.

या वाहिन्यांची कमाई दोन बाजूंनी : जाहिराती आणि आपलं रिचार्ज. नियमाप्रमाणे तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिरात दाखवता येत नाही. जाहिरातीचा भाव टीआरपीवर ठरतो. टीआरपी मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेचे मालक स्वतः वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात एजन्सीच आहेत. देशभरात पन्नास-साठ हजार घरांतल्या मीटरवरून हा आकडा निघतो. २०१५ पासून गावातली घरंही त्यात धरली जातात. त्यानंतर कंपन्यांना गावाकडच्या प्रेक्षकाची किंमत कळली.

रिचार्जचं म्हणाल तर १ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिनीनिहाय दर आले. तेव्हा मूळ जोडणीचे १३० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे होते. सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. २०२४ मध्ये ट्रायने या मूळ रकमेवरची मर्यादा काढली, त्यामुळे आता प्रत्येक कंपनीचा दर वेगळा असू शकतो. न बघितलेल्या वाहिन्यांचे पॅक कमी करून घेणं हा आपला हक्क आहे.

३. बातम्यांच्या वाहिन्या

एबीपी माझा २००७ मध्ये 'स्टार माझा' म्हणून आली, २०१२ ला नाव बदललं. मालक कोलकात्याचा आनंद बाजार पत्रिका समूह. झी २४ तास झी मीडियाची. ती झी मराठीपेक्षा वेगळी कंपनी आहे. न्यूज १८ लोकमत ही नेटवर्क १८ आणि लोकमत यांची भागीदारी. नेटवर्क १८ वर २०१४ पासून रिलायन्सचं नियंत्रण आहे. साम टीव्ही पुण्याच्या सकाळ समूहाची. एनडीटीव्ही २०२२ च्या अखेरीस अदानी समूहाकडे गेली आणि १ मे २०२४ ला एनडीटीव्ही मराठी सुरू झाली.

कायद्याने वृत्तवाहिनीत परदेशी पैसा ४९ टक्क्यांपर्यंत आणि डिजिटल बातम्यांत २६ टक्क्यांपर्यंतच चालतो. मनोरंजन वाहिनीत तो १०० टक्के चालतो.

बातम्यांच्या वाहिन्यांना रिचार्जमधून फार थोडं मिळतं. मुख्य आधार जाहिराती, आणि त्यात केंद्र-राज्य सरकारच्या जाहिरातीही आल्या. याचा अर्थ प्रत्येक बातमी खोटी असा नाही. पण मालकाचा दुसरा धंदा कोणता आणि सगळ्यात मोठा जाहिरातदार कोण, हे माहीत असलं की ऐकणारा सावध राहतो. सोयाबीनचा भाव, खाद्यतेलाची आयात, वीजदर अशा विषयावर एकच वाहिनी ऐकून मत बनवू नये. दोन वेगळ्या मालकांच्या वाहिन्या बघाव्या आणि बाजार समितीचा भाव स्वतः विचारावा.

४. मोबाइलवरचे ओटीटी

नेटफ्लिक्स भारतात जानेवारी २०१६ मध्ये आलं. अमेरिकी कंपनी, कमाई वर्गणीवर. प्राइम व्हिडिओ डिसेंबर २०१६ मध्ये आलं. मालक ॲमेझॉन, म्हणजे मूळ धंदा ऑनलाइन दुकानाचा. जून २०२५ पासून तिथं वर्गणी भरूनही जाहिराती येतात. झी ५ झीचं, सोनी लिव्ह सोनीचं. निव्वळ मराठीसाठी प्लॅनेट मराठी आणि अल्ट्रा झकास ही ॲपही आली. यूट्यूब २००६ पासून गूगलचं. तिथं वर्गणी लागत नाही, जाहिरातीचा पैसा गूगल आणि व्हिडिओ टाकणारा वाटून घेतात.

सगळ्यात मोठा बदल क्रिकेटमध्ये झाला. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ च्या हक्कांसाठी बीसीसीआयला एकूण ४८,३९० कोटी रुपये मिळाले. टीव्हीचे हक्क स्टारकडे आणि मोबाइलचे वायाकॉम १८ कडे होते. दोघांमध्ये स्पर्धा होती म्हणून २०२३ आणि २०२४ ला जिओ सिनेमावर मॅच फुकट दिसली. पुढे दोघे एकाच घरात आले, १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओ हॉटस्टार तयार झालं, आणि वर्गणी किंवा ठरावीक रिचार्ज लागायला लागलं. गावात दोन व्यापारी असले तर कापसाला भाव मिळतो, एकच उरला की तो म्हणेल तो भाव. इथंही तेच.

भारताच्या महत्त्वाच्या मॅच मात्र फ्री डिशवर डीडी स्पोर्ट्सला दिसतात. २००७ च्या कायद्यामुळे खासगी वाहिनीला राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं. आयपीएल त्यात येत नाही.

हे लक्षात ठेवा

- फुकट दिसतं त्याचा खर्च कर, जाहिरात किंवा आपल्या मोबाइलमधली माहिती यातून निघतो. जाहिरातीचा खर्च बियाण्याच्या पिशवीच्या आणि साबणाच्या किमतीत असतो.
- ओटीटीचा डेटा वेगळा जातो. वर्गणी आणि रिचार्ज दोन्ही धरून हिशोब करा.
- पहिल्या महिन्याला एक रुपया, असं म्हणून ऑटोपे मंजूर करून घेतात. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा भाग उघडा आणि नको असलेलं बंद करा. नुसतं ॲप काढून टाकल्याने पैसे कपात थांबत नाही.
- फ्री डिशवर वाहिनी दिसत नसेल तर आधी रिमोटवरून वाहिन्या पुन्हा शोधून घ्या. दुरुस्तीवाल्याला त्यानंतर बोलवा.
- केबलचं किंवा छत्रीचं पॅक वर्षातून एकदा तरी तपासा. घरात कोण काय बघतं ते विचारून यादी करा, आणि त्या यादीपुरतंच रिचार्ज ठेवा.