इकोची कळ

भाऊबीज उलटते, धान कापणीला येते आणि आमच्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस सुरू होतात. कुरखेड्यात राहणाऱ्या माणसाला त्यासाठी पंचांग पाहावे लागत नाही. वडशाच्या कंपन्यांची पत्रके चहाच्या टपरीवर लागतात, घरोघर पाहुणे उतरतात, मंडई भरते आणि रात्री दहाच्या सुमारास वर गेलेला पडदा पहाटेपर्यंत खाली येत नाही. आमच्याच तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा हा रात्रभराचा खेळ दिल्लीपर्यंत ऐकू गेला. पण आज मला नटांविषयी लिहायचे नाही. मांडवाच्या कडेला, तारांच्या गुंत्यात, पुढे कळांची पेटी घेऊन जो माणूस बसतो, त्याच्याविषयी लिहायचे आहे.

लहानपणचा एक प्रवेश माझ्या कानांतून अजून गेलेला नाही. नाटकाचे नाव विसरलो. मेलेली आई मुलाला हाक मारते, एवढेच आठवते. नटीने ‘बाळा’ म्हटले आणि तो शब्द भोंग्यांतून निघून शिवारावर तीन-चार वेळा उमटला, प्रत्येक वेळी थोडा अधिक लांबून. शेजारी तणसावर बसलेल्या आजीने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, “जंगलानं उत्तर दिलं रे.” दुसऱ्या दिवशी मी मांडवात जाऊन जंगलाचे हे उत्तर शोधले. ते एका पेटीवरच्या कळीत सापडले. माझी थोडी निराशा झाली हे खरे, पण कुतूहल त्याहून मोठे होते.

ही कळ आली कोठून? आरंभी ती कळ नव्हतीच, फीत होती. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रात एक शीर्ष आवाज फितीवर लिहिते आणि दुसरे वाचते. दोहोंत पाच सेंटिमीटर अंतर असेल आणि फीत सेकंदाला एकोणीस सेंटिमीटर धावत असेल, तर लिहिलेला आवाज सुमारे पाव सेकंद उशिरा ऐकू येतो. हा उशीर म्हणजेच ‘डिले’. आता तो उशिराचा आवाज पुन्हा लिहिणाऱ्या शीर्षाकडे पाठविला, की प्रतिध्वनीचा प्रतिध्वनी निघतो. विहिरीत डोकावून हाक मारणाऱ्या पोराला जे सुख मिळते, ते यंत्राने टेबलावर आणून ठेवले, इतकेच.

या सुखाचे संगीत केले ते जमैकाच्या किंग्स्टन शहरातल्या एका वीजकामगाराने. ऑस्बर्न रडक, जन्म १९४१, टोपणनाव किंग टबी. रेडिओ दुरुस्त करावेत, ट्रान्सफॉर्मर गुंडाळावेत, गल्लोगल्लीच्या नाचांसाठी मोठमोठे अ‍ॅम्प्लिफायर बांधावेत, हा त्याचा धंदा. १९६८ च्या सुमारास तेथे एक गंमत घडली होती. एका गाण्याच्या नमुना-तबकडीत गायकाचा आवाज घालायचा राहून गेला, ती तशीच नाचात वाजली आणि लोक स्वतःच गाऊ लागले, अशी कथा सांगतात. टबीने या रिकाम्या जागेचे मोल ओळखले. एका स्टुडिओने टाकून दिलेला मिक्सर त्याने घरी आणला (मिक्सर म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे, निरनिराळे आवाज एकत्र करणारा) आणि तयार गाणे मोडायला घेतले. गायकाला मधेच घालवायचे, त्याच्या एका शब्दाची शेपटी प्रतिध्वनीवर सोडून द्यायची, मग ढोल आणि खर्ज तेवढा उरू द्यायचा. यालाच ‘डब’ म्हणतात. जो माणूस आजवर केवळ आवाज सांभाळीत होता, तो आता वादक झाला आणि मिक्सर झाले त्याचे वाद्य. १९८९ च्या फेब्रुवारीत टबीचा त्याच्या घराबाहेर गोळी घालून खून झाला.

आपल्याकडे मात्र उलटी तऱ्हा. कॅसेटच्या काळात जुन्या चित्रपटगीतांवर विजेचे ठोके आणि सढळ इको चढवून त्यांना ‘झंकार बीट्स’ म्हणून विकीत. जमैकन माणूस गाण्यातून काढीत होता, आपण गाण्यात भरीत होतो. झंकाराने मूळ गाण्याचा श्वास कोंडला असे माझे मत आहे. कुरखेड्याच्या बसगाड्यांतून तो श्वास मी पुष्कळदा कोंडताना ऐकला आहे.

पण म्हणून आपण या वाटेवर मागे होतो असे कोणी समजू नये. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर आणि फितींची यंत्रे असलेला स्टुडिओ उभारून दिला. त्या मागे गीता साराभाईंचा हात होता. तेथील काम पेट्यांत पडून राहिले आणि २०२३ मध्ये तबकडीरूपाने बाहेर आले. मुंबईची गोष्ट याहून चमत्कारिक. चित्रपटांच्या वाद्यवृंदात आयुष्य घालविलेले चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीची तीन यंत्रे जोडली. एक ठोक्यांचे, एक खर्जाचे, एक स्वरांचे. त्यांवर त्यांनी भैरव, ललत, मालकंस असे दहा राग वाजविले. खर्जाच्या त्याच यंत्रातून शिकागोत ‘अ‍ॅसिड हाउस’ निघाले ते पाच वर्षांनी, १९८७ मध्ये. मुंबईत त्या तबकडीला कोणी विचारले नाही. २००२ साली एका डच संग्राहकाला ती दिल्लीच्या दुकानात सापडली, २०१० मध्ये पुन्हा निघाली आणि सत्तरीच्या घरातले चरणजित युरोपात तीच यंत्रे वाजवू लागले. २०१५ साली ते मुंबईत वारले. उशिरा का होईना दाद मिळाली असे म्हणून समाधान मानणारे मानोत, मला ती अठ्ठावीस वर्षे बोचतात.

यंत्रांच्या ठोक्यांवरचे ‘टेक्नो’ हे नृत्यसंगीत १९८० नंतर अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात घडले. त्याची आणि किंग्स्टनच्या डबची सोयरीक जुळली बर्लिनमध्ये. १९८९ साली, ज्या वर्षी भिंत पडली त्याच वर्षी, मार्क एर्नेस्टुस याने तेथे तबकड्यांचे दुकान काढले. १९९३ साली मॉरित्स फॉन ओस्वाल्डच्या जोडीने त्याने ‘बेसिक चॅनल’ या नावाखाली तबकड्या काढल्या. त्यांच्या लेबलावर धड वाचता येईल असे नाव नसे. कलावंत कोण हे विचारूच नका, ऐका, असा खाक्या. पुढे या संगीताला ‘डब टेक्नो’ म्हणू लागले.

त्याची कृती सांगणे सोपे आहे. सॅम्पलर नावाच्या यंत्रात दोन-चार स्वर एकदम दाबलेला एकच आघात साठवायचा. तो मिक्सरमधून डिलेकडे धाडायचा. डिलेचा आवाज मिक्सरच्या दुसऱ्या वाटेने परत घ्यायचा आणि त्यातला थोडा पुन्हा डिलेकडेच पाठवायचा. जाता येता खर्ज छाटीत गेले की प्रत्येक पडसाद आधीच्याहून विरळ होतो, तलम होतो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर मात्रा अर्ध्या सेकंदाची. उशीर पाऊण मात्रेचा, म्हणजे ३७५ मिलिसेकंदांचा ठेवला, की तीन मात्रांत चार पडसाद बसतात. आमच्या तबलजींना हे हिशेब शिकवायला नकोत. सरळ चालणाऱ्या ठेक्यावर आडवी लय तरंगू लागते आणि एका आघातावर दहा मिनिटे जातात. धोका एकच. परत पाठविण्याची कळ केसभर जास्त फिरली तर पडसाद विरण्याऐवजी वाढत जातो आणि शेवटी किंचाळतो. माइक भोंग्यासमोर नेला म्हणजे जी शिटी ऐकून सारा मांडव कानांवर हात ठेवतो, तिचीच ही बहीण. सारी करामत त्या किंचाळीच्या अलीकडे हात थांबविण्याची. आणि मुद्रण बहुधा एका बैठकीत चालते, म्हणून चुकलेला हात मागे घेता येत नाही.

गेल्या हंगामात मी मुद्दाम साउंडवाल्याच्या शेजारी बसलो. त्याची पेटी आता नवी आहे, आत फीत नाही, सारे आकड्यांवर चालते. मी त्याला किंग्स्टन आणि बर्लिन सांगितले. त्याने ऐकून घेतले. इको केव्हा लावायचा हे कसे कळते, असे विचारले तेव्हा तो म्हणाला की नटीच्या श्वासाकडे लक्ष ठेवतो. श्वास संपताना कळ वर, पुढचे वाक्य निघायच्या आत खाली, नाही तर बोलणे मरते. पत्रकावर नटांची नावे होती, लेखकाचे होते, ऑर्गनवाल्याचे आणि तबलजीचेही होते. त्याचे नव्हते. त्याविषयी विचारले तर नुसता हसला.

पहाटे पडदा पडला. लोक तणस झटकून उठले, कोणी शेकोटीकडे वळले. त्याने आधी इकोची कळ शून्यावर आणली, मग भोंग्यांच्या तारा गुंडाळायला घेतल्या. रात्री दुसऱ्या गावी खेळ होता.