वाट पाहण्याची खोली



मी नववीपर्यंत शिकलेला माणूस. पुढील शिक्षण कारखान्याच्या दारात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा इतिहासावर बोलण्याचा माझा अधिकार तो केवढा! परंतु एका परिषदेला दिल्लीस जाताना विमानतळावर जो एक तास काढला, त्याने मला जुनी पाने चाळावयास लावली. तेच आज आपल्यापुढे मांडतो.

सोबतच्या कार्यकर्त्याजवळ बँकेचे कार्ड होते. ते दाखवताच काचेचे दार उघडले आणि आम्ही ‘लाउंज’ नावाच्या दालनात शिरलो. मऊ खुर्च्या, हवा तितका चहा, गरम उपमा. बाहेर लोक बाकांवर दाटीने बसलेले; आत मात्र वाट पाहणेही सुखाचे. कपबशा उचलणाऱ्या मुलाला मी सवयीने विचारले, “पाळी किती तासांची रे, बाळ?” तो हळूच म्हणाला, “बारा तासांची, काका. ठेकेदाराकडं आहे. मधे बसायचं नाही, एवढंच.” बसण्यासाठीच बांधलेल्या खोलीत बसण्याची बंदी! चहा मला गोड लागेना.

अशा दालनांचा उगम अमेरिकेतला. १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने ‘अ‍ॅडमिरल्स क्लब’ काढला. प्रारंभी तेथे कंपनीच्या निमंत्रणावाचून प्रवेश नसे.

आपल्याकडील आरंभ याहून साधा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन जुहूला उतरले. तेथे झावळ्यांनी शाकारलेली एक शेड, आणि विमानतळ म्हणजे समुद्रकाठची चिखलवट. पहिल्या वर्षात प्रवासी मिळाले अवघे १५५. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. मग सारा बाडबिस्तरा पुण्यास हलवीत. विमाने उतरत ती येरवडा तुरुंगाच्या सावलीतील एका मैदानावर. ही आठवण खुद्द जे. आर. डीं.नीच सांगितली आहे.

येरवडा हे नाव वाचले आणि मी पुस्तक मिटले. कारण आमच्या मुळशीकरांना त्या तुरुंगाची ओळख विमानांच्या आधीची. १९२१ च्या रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या वीज कंपनीचे धरण मुळा-निळेच्या खोऱ्यातील गावे बुडविणार होते. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे झाले. मागे मावळे, बायाबापड्या. कित्येक सत्याग्रही येरवड्यात गेले. १९२३ साली त्यांतील काहींना तेथे फटके मारण्यात आले; गांधीजी तेव्हा त्याच तुरुंगात होते आणि त्यांनी ते प्रकरण अधिकाऱ्यांकडे नेले. पुढे धरण झाले. पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरले आणि त्याची वीज मुंबईला गेली.

एकाच घराण्याची ही दोन कामे. जुहूची शेड उभारणाऱ्यांचे साहस खोटे नव्हते, मुंबईला मिळालेला उजेडही खोटा नव्हता. दोष सगळा कंपनीच्याच माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. मुळशीच्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावे होत्या. नुकसानभरपाई हाती पडताच त्यांचा विरोध मावळला आणि कसणारा कुळवाडी एकटा पडला. माझे आजोबा तेव्हा दहा वर्षांचे. घराची कौले बैलगाडीत घालून निघालो, एवढेच ते सांगत. पुढे बोलत नसत.

आता कोणी म्हणेल, लाउंजचा आणि मुळशीचा संबंध काय? मी म्हणतो, सुखाच्या प्रत्येक खोलीला एक मागचे दार असते. तेथून कोणाची जमीन येते, कोणाचे पाणी येते, कोणाचे बारा तास येतात. पुढच्या दाराने आत जाणाऱ्याने निदान एकदा मागे डोकावावे.

परतीच्या प्रवासात मी बाहेरच्या बाकावरच बसलो. परंतु त्याने त्या मुलाला स्टूल मिळत नाही, हे मला कळते. ते मिळते संघटनेने. म्हणून त्याला मी माझा पत्ता देऊन आलो आहे. तो येईल, अशी वाट पाहतो आहे.