माणगाव

महाराष्ट्राच्या रायगड (पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. काळ नदीच्या काठी, मुंबई-गोवा महामार्गावर वसलेले. कोकण रेल्वेचे स्थानक. पुण्याहून ताम्हिणी घाटाने उतरणारा रस्ता निजामपूरमार्गे येथे येतो; श्रीवर्धनकडे जाणारी वाटही येथूनच फुटते. भात हे तालुक्याचे मुख्य पीक. किल्ले रायगड शेजारच्या महाड तालुक्यात आहे.

तहसील कार्यालयाच्या आवारातील नायक यशवंत घाडगे यांचा पुतळा हे गावाचे मानाचे स्थळ होय. घाडगे याच तालुक्यातील पळसगावचे (जन्म १६ नोव्हेंबर १९२१). दुसऱ्या महायुद्धात ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधून इटलीत लढले. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या ठाण्यावर चाल करताना मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या हाताखालचे सर्व जवान ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले. हातबॉम्बने त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा सैनिक निकामी केला व टॉमीगनने दुसऱ्यास टिपले. मॅगझीन बदलायला सवड नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याच्या घावांनी ठार केले. शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून, एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांना वीरमरण आले. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ देण्यात आला. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या अशा २० पदकांपैकी ६ भारतीय सैनिकांनी मिळवली.

त्यांची समाधी कोठेही नाही. इटलीतील कॅसिनो स्मारकावर, ज्यांच्या कबरी ठाऊक नाहीत अशा सैनिकांमध्ये त्यांचे नाव कोरलेले आहे. त्यामुळे माणगावच्या पुतळ्याचे मोल अधिक. इटलीच्याच पेरुजा प्रांतातील माँटोने या गावाने जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावे सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन हे या स्मारकाचे बोधवाक्य आहे.

इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक कामी आले. परक्या राजवटीच्या फौजेत लढले म्हणून त्यांचे शौर्य उणे ठरत नाही. परमुलखातील एक गाव जी आठवण जपते, ती तालुक्यातील प्रत्येक शाळेत मुलांना सांगितली गेली पाहिजे.