विजयदुर्ग ते काब द राम : एका काचेच्या तोटीचा इतिहास

१/ दरवर्षी १८ ऑगस्ट जवळ आला की विजयदुर्गाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरू लागतात. १८६८ साली याच किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहताना नॉर्मन लॉकियर यांना हेलियमचा शोध लागला, असे त्याखाली लिहिलेले असते. किल्ल्यावरचे ओटेही पुराव्यादाखल दाखवले जातात. वस्तुस्थिती अशी की त्या दिवशी लॉकियर इंग्लंडातच होते. फ्रेंच ज्योतिर्विद झान्सेन यांनी ते ग्रहण गुंटूरहून पाहिले. लॉकियर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, इंग्लंडातून सौरज्वालांचा वर्णपट पाहिला. ग्रहणासाठी ते भारतात पहिल्यांदा आले ते १८७१ मध्ये, आणि तेव्हाही केरळातल्या बेकल किल्ल्यावर.

२/ हा भ्रम दूर करणे एवढाच आजच्या धाग्याचा हेतू नाही. सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा पुढे सत्तावीस वर्षे केवळ रेषाच राहिली. तिच्या मागचे मूलद्रव्य प्रत्यक्ष हाती आले ते मार्च १८९५ मध्ये, लंडनच्या एका प्रयोगशाळेत, काचेच्या नळीत कोंडलेल्या थोड्याशा वायूत. तो वायू कोंडून ठेवणारी वस्तू म्हणजे एक तोटी. प्रयोगशाळेत तिला स्टॉपकॉक म्हणतात. विज्ञानाच्या इतिहासग्रंथांत तिला फारसे स्थान मिळत नाही. आज तिच्याविषयी.

३/ रचना साधी आहे. एक आडवी काचेची नळी, आत निमुळती होत गेलेली. तीत बसणारी तशीच निमुळती काचेची खुंटी, आणि खुंटीच्या पोटातून आरपार गेलेले एक छिद्र. खुंटी फिरवली की छिद्र वाटेशी जुळते आणि वायू वाहतो. पाव फेरा आणखी दिला की वाट बंद. अडचण एकच आहे : काच काचेवर कितीही घासून बसवली तरी दोहोंमध्ये सूक्ष्म फट उरतेच. ती भरायला वंगण लागते, आणि तोटीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ त्या वंगणात असते.

४/ ही फट इतकी महत्त्वाची का, हे समजण्यासाठी १८९० च्या दशकातील एक आकडा पाहू. लॉर्ड रॅले यांनी एकाच काचगोलात दोन प्रकारचा नायट्रोजन भरून तोलला. हवेतून मिळवलेला भरला २.३१०२ ग्रॅम, रासायनिक संयुगांतून मिळवलेला २.२९९३ ग्रॅम. फरक सुमारे ११ मिलिग्रॅमचा. दुसरा कुणी असता तर त्याने तो उपकरणाच्या माथी मारून विषय संपवला असता. रॅले यांनीही पहिला संशय अशुद्धीचाच घेतला. मुद्दाम हायड्रोजन मिसळून पाहिला, शुद्धीकरणाची प्रत्येक पायरी तपासली. फरक हटला नाही.

५/ पुढे विल्यम रॅम्झी यांनी तापलेल्या मॅग्नेशियमवरून हवेतला नायट्रोजन पुनःपुन्हा फिरवून शोषून घेतला आणि मागे उरलेला वायू गोळा केला. ऑगस्ट १८९४ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत दोघांनी नव्या वायूची घोषणा केली. त्याचे नाव आरगॉन. गंमत अशी की हेन्री कॅव्हेंडिश यांना १७८५ मध्येच हवेचा एक हट्टी बुडबुडा सापडला होता. ठिणग्या पाडून पाडून हवा संपवली, तरी सुमारे १२० वा भाग काही केल्या संपेना. त्यांनी तो नोंदवून ठेवला. शतकभर त्याकडे कुणी गांभीर्याने पाहिले नाही.

६/ आता तोटीकडे परत येऊ. हवेत आरगॉन सुमारे एक टक्का आहे. म्हणजे उपकरण कुठेही गळत असेल तर आत शिरणारी हवा आरगॉन घेऊनच येणार. एखाद्या खनिजातून आरगॉन निघतो का, हे पाहणाऱ्याला तोटीवर विश्वास ठेवता आला नाही, तर त्याच्या प्रयोगाला काही अर्थ उरत नाही. रॅम्झी १८९५ मध्ये क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजाला आम्ल घालून नेमके हेच शोधत होते. आरगॉन शोधता शोधता त्यांना वर्णपटात एक तेजस्वी पिवळी रेषा दिसली. विल्यम क्रुक्स यांनी ती मोजून पाहिली, आणि ती सूर्यातलीच निघाली. अमेरिकेत हिलेब्रांड यांनी अशाच खनिजातून वायू काढला होता, पण तो नायट्रोजन समजून सोडून दिला होता. त्यांच्या त्या निरीक्षणामुळेच रॅम्झी या खनिजापर्यंत पोहोचले, हे विसरता कामा नये.

७/ १८९८ च्या उन्हाळ्यात रॅम्झी आणि त्यांचे तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेचे भाग पाडत अवघ्या काही आठवड्यांत क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन हे तीन वायू शोधले. झेनॉनचे हवेतले प्रमाण एक कोटीहून अधिक भागांत एक भाग इतके अल्प आहे. एवढा वायू सांभाळताना एक सैल तोटी म्हणजे सगळा हंगाम वाया.

८/ ट्रॅव्हर्स यांनी १९०१ मध्ये वायूंच्या प्रायोगिक अभ्यासावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. रॅम्झींच्या नावाने ओळखले जाणारे वंगण आजही विकत मिळते : रबर, व्हॅसलीन आणि पॅराफिन मेण एकत्र वितळवून केलेले. नोबेल विजेत्याचे नाव एका ग्रीसच्या डबीवर असावे, याचे मला फार अप्रूप वाटते. त्यांच्या रोजच्या कामाची ती बहुधा सर्वांत प्रामाणिक खूण आहे.

९/ तोटी फुटली किंवा अडकली तर काय करीत? इथे आजच्या वाचकाला नवल वाटेल. त्या काळी खुंट्या परस्परांत बदलता येत नसत. प्रत्येक खुंटी तिच्याच नळीत घासून बसवलेली. म्हणून दोहोंवर एकच क्रमांक कोरत, धुताना अदलाबदल होऊ नये यासाठी. खुंटी फुटली की नवी आणून बारीक कुरुंदाची पूड आणि पाणी लावून नळीत फिरवत बसायचे. फिरवायचे, उचलायचे, पुसायचे, पुन्हा फिरवायचे. घासणे कमी पडले तर गळती, जास्त झाले तर खुंटी खोल जाते आणि छिद्र वाटेशी जुळत नाही.

१०/ मग वंगण. थोडे, उभ्या पट्ट्यांत, छिद्रापासून दूर. काच किंचित कोमट करून खुंटी आत दाबायची आणि फिरवायची. सांधा पूर्ण पारदर्शक झाला तर काम जमले. आत रेघा दिसल्या तर त्या रेघा म्हणजे हवेच्या वाटा. पुन्हा सुरुवात.

११/ शेवटची परीक्षा रात्रीची. उपकरण पाऱ्याच्या पंपाने निर्वात करायचे, तोटी बंद करायची, दाब नोंदवायचा आणि सकाळी पुन्हा पाहायचे. अतिसूक्ष्म दाब मोजण्यासाठी १८७४ पासून मॅक्लिऑड मापी उपलब्ध होता. दाब एकसारख्या गतीने वाढत राहिला तर गळती समजावी. आधी वाढून मग मंदावला तर काचेला चिकटलेला ओलावा आणि वायू सुटत आहेत असे समजावे. हा फरक ओळखणे हीच खरी विद्या, आणि ती पुस्तकापेक्षा हाताने शिकावी लागे.

१२/ तोटीवर अविश्वास असणारेही होते. ऑगस्ट टोप्लर यांनी १८६२ मध्ये असा पंप बनवला की त्यात तोटीचे काम खुद्द पाराच करतो. पाऱ्याची पातळी चढवली की वाट बंद, उतरवली की मोकळी. ना वंगण, ना घासणे. पुढे वायुविश्लेषणाच्या नाजूक उपकरणांत ग्रीस लावलेल्या तोट्या काढून पाऱ्याचे असे अडसर बसवण्याची रीत पडली. पाऱ्याच्या वाफेत दिवस काढणाऱ्यांच्या प्रकृतीचे काय झाले, हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

१३/ गळतीने मोठमोठ्यांना चकवले. १९१३ मध्ये कॉली आणि पॅटरसन यांनी जाहीर केले की हायड्रोजनमधून विद्युत्-विसर्जन केले असता निऑन आणि हेलियम तयार होतात. रॅम्झींनी त्यांची बाजू घेतली. जे. जे. थॉमसन यांना वाटे की हे वायू धातूत आधीच दडलेले असावेत. १९१४ मध्ये ज्यांनी हा प्रयोग काळजीपूर्वक करून पाहिला आणि काहीच सापडले नाही असे जाहीर केले, ते होते रॉबर्ट स्ट्रट, म्हणजे लॉर्ड रॅले यांचे चिरंजीव. बापाने रॅम्झींबरोबर वायू शोधला. मुलाने रॅम्झींचा वायू नाहीसा केला.

१४/ याहून बोधप्रद प्रकरण बर्लिनचे. १९२६ मध्ये फ्रिट्झ पानेथ आणि कुर्ट पीटर्स यांनी प्रसिद्ध केले की पॅलेडियम धातूत शोषलेल्या हायड्रोजनपासून हेलियम बनतो. त्यांची पद्धत विलक्षण सूक्ष्म होती. एका घनसेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाइतका हेलियमही त्यांना वर्णपटात ओळखता येई. गणित करून पाहा : हवेत हेलियम दहा लाख भागांत सुमारे पाच भाग आहे. म्हणजे एवढा हेलियम आणायला मोहरीच्या दाण्याएवढी हवा पुरे.

१५/ पानेथ हे जाणत होते. त्यांचा बचाव चोख होता. हवेत निऑन हेलियमच्या तिपटीहून अधिक आहे. तोटीतून हवा शिरली असती तर निऑनच्या रेषाही दिसायला हव्या होत्या. त्या दिसत नव्हत्या. म्हणून हेलियम हवेतला नाही, तो नव्याने जन्मला आहे. या तर्कात दोष सापडतो का ते क्षणभर थांबून पाहा.

१६/ दोष तर्कात नव्हता, काचेत होता. काच हेलियमला सहज सामावून घेते, निऑनला तितके नाही. उपकरणाच्या काचेत मुरलेला हवेतलाच हेलियम, काच हायड्रोजनच्या सान्निध्यात तापली की सुटत होता. ऑक्सिजनच्या सान्निध्यात सुटत नव्हता, म्हणून तुलनेचे प्रयोगही फसवे ठरत होते. १९२७ मध्ये पानेथ यांनी आपला निष्कर्ष स्वतःच जाहीरपणे मागे घेतला. आपली चूक आपणच शोधून, तिचे कारण समजावून सांगून माघार घेणारा हा माणूस मला तोटीच्या या इतिहासातील सर्वांत मोठा वाटतो. १९८९ मध्ये यूटामधून ‘शीत संमीलना’ची घोषणा झाली तेव्हा ही जुनी कथा अनेकांना आठवली.

१७/ तोटीचे पुढचे रूपांतर झपाट्याने सांगतो. १९३० मध्ये अमेरिकेत घासलेल्या काचेच्या सांध्यांचे आणि तोट्यांचे प्रमाणीकरण झाले. निमुळतेपणा ठरावीक झाला, आणि नवी खुंटी थेट आणून बसवणे शक्य होऊ लागले. क्रमांक जुळवण्याचा काळ सरू लागला.

१८/ ६ एप्रिल १९३८. न्यू जर्सीतील ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट आणि त्यांचे सहायक जॅक रेबॉक यांनी टेट्राफ्लुरोएथिलीनच्या नळकांड्याची झडप उघडली. वायू आलाच नाही. झडप तुंबली म्हणावी तर तीत तार घालून पाहिली, वाट मोकळी होती. नळकांड्याचे वजन मात्र भरलेल्याएवढेच. शेवटी ते करवतीने कापले, तेव्हा आत पांढरी, गुळगुळीत भुकटी निघाली. तेच टेफ्लॉन. झडपेतून जे बाहेर आले नाही, त्याच पदार्थाच्या खुंट्या पुढे काचेच्या तोट्यांत बसल्या आणि वंगणाची गरज संपली. अर्थात हेलियम टेफ्लॉनमधूनही झिरपतो. त्या कामासाठी आजही धातूच्या झडपाच लागतात.

१९/ वंगण जाण्याचा सर्वांत मोठा लाभ हवामानाच्या अभ्यासाला झाला. चार्ल्स कीलिंग १९५० च्या दशकात पाच लिटरच्या निर्वात काचगोलांत हवा गोळा करीत. वाऱ्याकडे तोंड करायचे, श्वास रोखायचा, तोटी उघडायची, बंद करायची. श्वास यासाठी रोखायचा की उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड हवेच्या शंभरपट असतो. मार्च १९५८ मध्ये मौना लोआ येथे त्यांची अखंड मोजणी सुरू झाली. सुरुवातीचा आकडा दहा लाखांत सुमारे ३१३ भाग. वर्षाकाठी एखाद-दोन भागांची वाढ पकडायची, आणि ग्रीस तर कार्बन डायऑक्साइड शोषते. नमुना महिनाभर काचगोलात राहिला तर तोटीच आकडा बदलू शकते. म्हणून अशा प्रयोगशाळांतून ग्रीसच्या तोट्या जाऊन रबरी किंवा तत्सम कडी असलेल्या वंगणरहित झडपा आल्या.

२०/ भारताशी या तोटीचे नाते दोन ठिकाणी आहे. मुंबईच्या जमशेदजी टाटांच्या संकल्पित विज्ञानसंस्थेसाठी जागा सुचवायला १९०० मध्ये स्वतः रॅम्झी भारतात आले आणि त्यांनी बंगळूरची शिफारस केली. १९०६ मध्ये त्या संस्थेचे पहिले संचालक म्हणून नेमले गेले मॉरिस ट्रॅव्हर्स, झेनॉनवाले. १९११ मध्ये विद्यार्थी दाखल झाले. ट्रॅव्हर्स १९१४ मध्ये परतले आणि १९५६ मध्ये त्यांनी लिहिलेले रॅम्झींचे चरित्र प्रसिद्ध झाले.

२१/ दुसरे ठिकाण पुन्हा एक सागरी किल्ला. गोव्यात काणकोण तालुक्यातील काब द राम येथे १९९३ पासून अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियाची सीएसआयआरओ यांनी मिळून हवेचे नमुने घ्यायला सुरुवात केली. पावसाळ्यात तिथे नैर्ऋत्येकडून समुद्रावरची हवा येते, हिवाळ्यात ईशान्येकडून भूभागावरची. दोहोंतील कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनचा फरक आकड्यांत स्पष्ट उमटतो. नमुना काचेच्या कुपीत भरायचा, झडपा आवळायच्या आणि कुपी मेलबर्नजवळच्या ॲस्पेंडेल येथील प्रयोगशाळेत धाडायची. विश्लेषण होईपर्यंत गोव्याची ती हवा त्या झडपांच्याच भरवशावर असे.