बंद टाकी आणि अनुमान

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या मास्तराचं तेलाच्या टाकीपाशी काय काम? पण बंद टाकीत द्रव कुठवर आहे हे ठरवणं हा मुळात ज्ञानाचाच प्रश्न आहे. आतलं दिसत नाही, खुणेवरून ओळखायचं असतं. आपलं न्यायशास्त्र याला अनुमान म्हणतं.

पूर्वी माणूस टाकीवर चढायचा, झाकण उघडून मोजपट्टी खाली सोडायचा आणि ती कुठवर भिजली ते बघायचा. हे प्रत्यक्षाच्या बरंच जवळचं. पुढे तरंगते गोळे आले, तारेला टांगलेली वजनं आली. रडारची कल्पना तशी जुनी. १९०४ साली ख्रिस्तिआन ह्यूल्समायर या जर्मन संशोधकाने कोलोनला ऱ्हाईन नदीवर रेडिओलहरींच्या मदतीने जहाज ओळखून दाखवलं. ही कल्पना टाकीत उतरली ती १९७० च्या दशकात, स्वीडनमध्ये, तेलवाहू जहाजांसाठी.

तत्त्व सोपं आहे. छतावरून लहर सोडायची, ती पृष्ठभागावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं. पण लहरीचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर! पातळीत एक मिलिमीटर फरक पडला, तर वेळेत किती पडतो? सेकंदाचे लाख कोटी भाग करा, त्यातले जेमतेम सात.

आता टाकीची परिस्थिती बघू. पाण्यावरून लहरीची साधारण ६४ टक्के शक्ती परतते, पेट्रोलवरून ३ टक्क्यांच्या आसपास. तेही पृष्ठभाग शांत असेल तर. द्रव खळबळत असेल तर लहर भलतीकडेच विखुरते. दाट फेस तिला गिळतो, नाहीतर आपल्याच माथ्यावरून परत पाठवतो. ढवळणीचं पातं किंवा आतली शिडी खोटा प्रतिध्वनी देते. अँटेनावर बाष्प साचलं किंवा राळ चढली की खूण आणखी क्षीण होते. वाफ आणि उष्णता यांमुळे ध्वनिलहरींचा वेग बराच बदलतो, रडारचा फारच थोडा. म्हणून तर रडार पसंत केलं जातं. पण पसंत म्हणजे निर्दोष नव्हे, बरं का.

नैयायिकांनी हे फार पूर्वी हेरलं होतं. धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. त्याला ओलं सरपण लागतं. या दडलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. आणि दुरून दिसणारा धूर ही नुसती वाफ असेल तर? मग अनुमान पायापासूनच कोसळलं. फेसाच्या माथ्याला पातळी समजणारं यंत्र हीच चूक करतं.

याची किंमत इंग्लंडमधल्या बन्सफील्डने मोजली. ११ डिसेंबर २००५, रविवारची पहाट. पेट्रोलच्या एका टाकीचा मापक पहाटे तीनच्या सुमारास अडकला. हा रडार नव्हता, यांत्रिक मापक होता. टाकी भरत होती, पडद्यावरचा आकडा मात्र स्थिर. हा मापक त्याआधीच्या काही महिन्यांतही वारंवार अडकला होता. शेवटचा पहारेकरी म्हणून वर एक स्वतंत्र स्विच होता. पण त्याच्या चाचणीच्या दांड्याला हवं ते कुलूप नव्हतं, म्हणून तोही निकामी. अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल सांडलं, बाष्पाचा ढग पसरला आणि सहाच्या सुमारास स्फोट झाला. ४३ जण जखमी झाले. कुणी दगावलं नाही, हे रविवारचे उपकार.

मग तिथे रडार असतं तर सगळं सुरळीत झालं असतं का? तसं म्हणायला मी तयार नाही. मापक बदलला की खोटं बोलण्याची रीत बदलते, शक्यता संपत नाही. म्हणूनच त्यानंतर शिफारस झाली ती मापकापासून स्वतंत्र असलेल्या आणि पुरवठा आपोआप थांबवणाऱ्या यंत्रणेची. म्हणजे दोन साक्षीदार, आणि एकाने दुसऱ्याचं ऐकून बोलायचं नाही.

आकडा स्थिर दिसला की आपण निश्चिंत होतो. पण टाकीत तेल पडत असताना आकडा हलत नसेल, तर ते स्थैर्य हीच शंकेची जागा. पडद्यापुढे बसलेल्या माणसाने तेवढा एक प्रश्न विचारला पाहिजे: हे मला कोण सांगतंय, आणि कुठल्या अटीवर?